गोचीड फक्त अंगावर नसते!

पाऊस जरा उघडला, दमट ऊन पडलं, की दारातला मोत्या मागच्या पायानं कान खाजवायला लागतो. कान उलटून बघावं तर आत टम्म फुगलेल्या करड्या गोचिड्या! मग घरात एकच गलका, ‘बांधा त्याला बाहेर!’ आणि त्याला साफ करण्याचं काम अर्थातच घरातल्या बाईकडे.

अशा वेळी कुणी रॉकेल लावतं, तर कुणी शेतात फवारायचं औषध बादलीत कालवून सरळ त्याच्या अंगावर ओततं. गोचिड्या मरतातही. पण कुत्रं अंग चाटतं, विष पोटात जातं आणि जनावर हातचं जातं.

मी कुणाला नावं ठेवत नाही, कारण ही चूक माझ्याही हातून झाली आहे. कुत्र्यासाठी आणलेली पावडर उरली होती, ती मी मांजरीला चोळली. डबीवर कुत्र्याचं चित्र होतं, दिसलंही होतं. म्हटलं, पिसवा त्याच, मग औषध वेगळं कशाला? रात्री ती थरथरायला लागली, पहाटे झटके आले. वाचली नाही. नंतर डॉक्टरांनी सांगितलं, की त्या पावडरीत परमेथ्रिन होतं. कुत्र्याला ते सोसतं, पण मांजराच्या यकृताला त्याचा निचरा करता येत नाही.

मैत्रिणींनो, आपण औषध वाढवत जातो, कारण गोचिड्या पुन्हा पुन्हा येतात. पण त्या येतात कुठून? आपल्याच घरातून! पोटभर रक्त प्यायलेली मादी अंगावरून गळून पडते, भिंतीच्या भेगेत नाहीतर चौकटीच्या फटीत शिरते आणि तिथं हजारो अंडी घालते. पिल्लंसुद्धा रक्त पितात, खाली उतरतात, कात टाकतात, पुन्हा चढतात. कित्येक महिने उपाशी राहू शकतात. पिसवांची अंडी तर अंगावरून गळून सतरंजीत, गोणपाटात पडतात. तेव्हा नुसतं कुत्रं धुऊन काय होणार?

त्याचं गोणपाट दर आठवड्याला कडकडीत पाण्यात धुवा आणि उन्हात टाका. भेगा सिमेंटनं बुजवून घ्या. (हे काम घरातल्या पुरुषांना सांगायला हरकत नाही!) गोचीड काढताना चिमट्यानं अगदी कातडीलगत धरून सरळ ओढा आणि साबणाच्या पाण्यात टाका. नखानं चिरडू नका, तिच्यातले रोगजंतू आपल्यालाही बाधतात. अंगावर लावायचं औषध गुरांच्या दवाखान्यात विचारूनच आणा. ते वजनावर ठरतं, म्हणून लहान पिल्लू किंवा गाभण कुत्री असेल तर आधी सांगा. घरात मांजर असेल तर तेही सांगा. औषध महाग वाटेल, पण गोचीडतापाचा उपचार त्याहून महाग पडतो.

हा ताप नुसत्या हातानं कळत नाही. मोत्यानं अन्न सोडलं, कोपऱ्यात पडून राहिला, हिरड्या पांढुरक्या दिसल्या, नाकातून रक्त आलं किंवा लघवी गडद झाली, तर ‘उद्या बघू’ म्हणू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि गोचिड्या काढल्यावर काही दिवसांत घरात कुणाला ताप आला, अंगावर पुरळ उठलं, तर आपल्या डॉक्टरांनाही गोचिडीचं आवर्जून सांगा.