निम्मे विष कशासाठी?

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यावर जे ओढवले, त्याची स्मृती पुसली जाता कामा नये. पुरुषभर उंच वाढलेल्या पऱ्हाटीत फवारणी करताना सुमारे २० शेतकरी व शेतमजूर विषबाधेने दगावले. शेकडो जणांना रुग्णालय गाठावे लागले. चौकशी झाली. नोव्हेंबरात राज्य शासनाने पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली. मुखवटे, हातमोजे, पंप, औषधांची मनमानी मिश्रणे यांवर पुष्कळ चर्चा झाली आणि ती आवश्यकच होती. एक मूलभूत प्रश्न मात्र बाजूलाच राहिला. डब्यातल्या विषापैकी किडीवर चालते किती आणि निष्कारण शेतात ओतले जाते किती?

हा प्रश्न रसायनशास्त्राचा असला, तरी समजण्यास अवघड नाही. डावा आणि उजवा हात सारखेच दिसतात. पण डाव्या हाताचा मोजा उजव्यात नीट बसत नाही. अनेक रेणूंचे असेच असते. घटक तेच, जोडणी तीच; परंतु एक रूप दुसऱ्याचे आरशातील प्रतिबिंब. सजीवांचे शरीर हा भेद अचूक ओळखते. क्षयरोगावरील इथॅम्बुटॉल या औषधाचे एक रूप रोगजंतूंवर चालते, तर त्याचे प्रतिबिंब रोग्याला गुण न देता दृष्टीला मात्र अपाय करू शकते. म्हणूनच ते औषध शुद्ध एकरूपात दिले जाते. औषधांबाबत जगाने हा धडा गिरवला. शेतीच्या विषांबाबत तो अर्धवटच गिरवला गेला.

विदर्भात सर्रास वापरल्या जाणाऱ्या सायपरमेथ्रिनचेच उदाहरण घ्यावे. या एका नावाखाली आठ रूपे एकत्र नांदतात आणि किडीवर प्रभावी ठरतात ती मुख्यतः दोन. उरलेली रूपे शेतकऱ्याच्या पैशाने विकत घेतली जातात, मजुराच्या पाठीवरून वाहिली जातात आणि अखेर माती-पाण्यात मिसळतात. २०१७ मध्ये बंदी घातलेल्या पाच उत्पादनांत प्रोफेनोफॉस व सायपरमेथ्रिन यांचे मिश्रणही होते, हे येथे लक्षात घ्यावे.

ही भेसळ टाळता येते काय? येते, आणि त्याचा एक मार्ग जिवाणूंनीच दाखवला आहे. लुई पाश्चरने १८४८ मध्ये टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे डावे-उजवे स्फटिक हाताने वेचून वेगळे केले. पुढे दहाएक वर्षांतच त्याला दिसले, की एक बुरशी त्यातले एकच रूप खाते आणि दुसरे तसेच ठेवते. आजचा उद्योग याच तत्त्वावर उभा आहे. जिवाणूंतील विकर, म्हणजेच एन्झाइम, दोन रूपांपैकी नेमक्या एकावर क्रिया करते. जपानमधील सुमितोमोच्या संशोधकांनी आर्थ्रोबॅक्टर जिवाणूच्या लायपेज विकराने सायपरमेथ्रिनच्या वर्गातील कीटकनाशकांचा अल्कोहोल घटक शुद्ध एकरूपात मिळवला. ब्रिटनमध्ये स्यूडोमोनास जिवाणूचे विकर वापरून क्लोरोप्रोपिऑनिक आम्लाचे नको असलेले रूप नष्ट करण्याची पद्धत कारखान्यात उतरली. हव्या रूपाच्या त्या आम्लापासून तणनाशके बनतात. सोयाबीनवरील फ्लुअॅझिफॉप-पी हे त्याच कुळातील; त्याच्या नावातील ‘पी’ ही एकरूपाची खूण होय.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला खर्चाचा. एकरूप रसायन किलोमागे महाग पडते, हे खरे. पण एकरी मात्रा घटते. मेटोलाक्लोर या तणनाशकाचे शुद्ध रूप १९९७ पासून बाजारात आले आणि मात्रा एक तृतीयांशाहून अधिक घटली. तेथे विकराऐवजी धातूचा उत्प्रेरक वापरला होता. हिशेब मात्र तोच. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. किडीला मारणारे रूप माणसालाही बहुधा तितकेच घातक असते. म्हणून शुद्धता म्हणजे सुरक्षितता नव्हे. एकरूप विषालाही हातमोजे, मुखवटा आणि वाऱ्याची दिशा चुकत नाही. निष्कारण ओतले जाणारे रसायन मात्र टळते आणि मातीसाठी तेही थोडके नाही.

हे ज्ञान भारताला परके नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. पेनिसिलिनचे विघटन करून नव्या प्रतिजैविकांचा पाया पुरवणाऱ्या जिवाणूजन्य विकरावर तेथे दीर्घकाळ संशोधन झाले. औषधांसाठी जे साधले, ते शेतीसाठी का साधू नये? १९६८ च्या कीटकनाशक कायद्यानुसार प्रत्येक विषाची नोंदणी होते. जेथे एकरूप पर्याय उपलब्ध आहे, तेथे मिश्ररूपाचे समर्थन उत्पादकाकडून मागावे. वेष्टनावर क्रियाशील रूपाचे प्रमाण मराठीत छापावे. कृषी विद्यापीठांनी एकरूप औषधांची मात्रा विदर्भाच्या काळ्या मातीत तपासून द्यावी. यांतील एकही मागणी अवास्तव नाही.

यवतमाळच्या शेतकऱ्याच्या नावाने अश्रू ढाळणारे पुष्कळ झाले. त्याच्या पाठीवरचे ओझे मोजून ते कमी करणारे हवे आहेत.