चाच्याचे सोंग आणि तापीची होडी

डोक्याला रुमाल, एका डोळ्यावर काळी पट्टी, कमरेला पुठ्ठ्याची तलवार. असा ‘समुद्री चाचा’ शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलांपुरता खपून जातो. पाश्चात्त्य देशांत मात्र मोठी माणसेही हा छंद मनापासून जोपासतात. चाच्यांचे कपडे शिवतात, खलाशांची गाणी एकत्र म्हणतात, सुटीत लहान होड्या वल्हवतात. जळगाव-धुळ्यात हे सुचवले तर ‘आपल्याकडे समुद्र कुठे आहे?’ हा पहिला प्रश्न येईल. तरीही खान्देशाने हा छंद निःसंकोच उचलावा. सोंग, श्रमाचे गाणे आणि होडी या त्यातल्या तिन्ही गोष्टी इथल्या माणसाला परक्या नाहीत, आणि समुद्राशी या मुलखाचे नातेही वाटते त्याहून जुने आहे.

मुलताईला उगम पावलेली तापी 724 किलोमीटर वाहून सुरतेजवळ समुद्राला मिळते. तिच्या खोऱ्यातल्या वाटांनी बऱ्हाणपूर आणि खान्देशचे कापड सुरतेच्या बंदराकडे जात असे. इंग्रजांनी सतराव्या शतकात धरणगावला वखार घातली ती या कापडाच्या व्यापारासाठीच. हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याची पुढे जगभर दंतकथा झाली. त्याने सप्टेंबर 1695 मध्ये लुटलेले ‘गंज-ए-सवाई’ हे औरंगजेबाचे जहाज याच सुरतेकडे परतत होते. त्यावर हजहून येणारे यात्रेकरू होते, स्त्रिया होत्या, आणि त्यांचे अतोनात हाल झाले. मग अशा लुटारूंचे सोंग आपल्या मुलांनी का घ्यावे? आक्षेप वजनदार आहे. पण यात्रेत राक्षसाचे सोंग नाचवणारे गाव राक्षसाला डोक्यावर घेत नाही. सोंगातून ते भीतीला चेहरा देते आणि तिच्याशी खेळते. अट एवढीच, की सोंग घेणाऱ्याला त्यामागची गोष्ट पुरती ठाऊक असावी.

तसेही, चाच्याचा जो वेश साऱ्या जगाच्या डोळ्यांपुढे आहे, तो बराचसा चित्रकाराच्या कुंचल्यातून उतरला. कमरेचा रुंद शेला आणि डोक्याचा रुमाल ही रूपे मुख्यतः हॉवर्ड पाइल या अमेरिकी चित्रकाराने पुस्तकांसाठी रंगवली आणि सिनेमाने ती उचलली. कागदावर जन्मलेल्या वेशात आपणही भर घालू शकतो. कान्होजी आंग्र्यांना इंग्रज चाचाच म्हणत, कारण मराठ्यांचे दस्तक, म्हणजे परवाना, न घेता फिरणारी जहाजे ते धरत. पण कान्होजी छत्रपतींचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, होते आणि दस्तक हा राज्याचा हक्क होता. 1718 मध्ये त्यांच्या ताब्यातला खांदेरीचा जलदुर्ग घ्यायला आलेले मुंबईकर इंग्रज हात हलवत परतले. आज भारतीय नौदलाचा मुंबईतला तळ ‘आयएनएस आंग्रे’ या नावाने ओळखला जातो. वेशभूषेच्या स्पर्धेत एव्हरी आणि कान्होजी शेजारी उभे करावेत, आणि चाचा नेमके कोणाला म्हणायचे यावर मुलांना कडकडून भांडू द्यावे.

गाण्याचे तर याहून सोपे आहे. शिडाच्या जहाजांवर दोर ओढताना एकाने ओळ टाकायची आणि बाकीच्यांनी जोर लावत ती झेलायची, अशी खलाशांची रीत होती. मोट हाकणाऱ्याचे गाणे आणि जात्यावरची ओवी ही त्या गाण्यांचीच भावंडे. असोद्याच्या बहिणाबाईंची कविता घरकाम आणि शेतकाम करता करताच आली. पुढे मोटा थांबल्या, दळण गिरणीत गेले आणि त्या कामांची गाणीही विरली. वल्हे हाताला पुन्हा ठेका देते. चौघे एका होडीत बसले की ताल सांभाळावाच लागतो, नाहीतर होडी जागच्या जागी गिरकी घेते. त्या तालावर अहिराणीत नवे गाणे का रचले जाऊ नये?

राहिली होडी. दुष्काळी मुलखातल्या मुलांनी वल्ह्याची स्वप्ने कशाला पाहावीत, असे म्हणणाऱ्यांनी शेजारच्या चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीच्या दत्तू भोकनळकडे पाहावे. त्याने लष्करात गेल्यावर वल्हे हाती घेतले आणि 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी नौकानयनात तेरावा क्रमांक मिळवला. इकडे तर पाणी दारात आहे. जळगावला मेहरूण तलाव आहे, धुळ्याजवळ नकाणे, तापीवर हतनूरचे धरण. खरी अडचण बुडण्याच्या भीतीची आहे, आणि ती भीती खोटी नाही. पण पोरांना पाण्यापासून लांब ठेवल्याने ती पोहायला शिकत नाहीत. एक दिवस चोरून पाण्यात उतरतात, एवढेच. म्हणून पोहता येणाऱ्यालाच वल्हे मिळावे, अंगात जीवरक्षक जॅकेट असल्याशिवाय होडी सुटू नये, आणि धरणाच्या दरवाजांजवळ, पुराच्या दिवसांत तर मुळीच, कोणी फिरकू नये. हतनूरला हिवाळ्यात दूरदेशचे पक्षी उतरतात; त्यांच्या जागा तेव्हा बंद ठेवाव्यात. मासेमारांच्या जाळ्यांची हद्द आधी आखावी. आणि शिकवणारे बाहेरून आणण्यापेक्षा तापीकाठच्या भोई-कोळी नावाड्यांना रीतसर मानधन देऊन बोलवावे, कारण कुठे पाणी खोल आहे आणि कुठे भोवरा फिरतो हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक नाही.