विश्लेषण : जुना अँप्लिफायर ‘करंट मारतो’ तेव्हा नेमके काय होते?

गणेशोत्सव जवळ आला की माळ्यावरचे जुने अँप्लिफायर खाली उतरतात आणि सुटे भाग शोधणाऱ्यांची पावले बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीकडे वळतात. याच सुमारास एक ‘रामबाण’ उपायही ऐकायला मिळतो. स्पीकर घूं घूं करतोय? मग अर्थिंगची पिन काढून टाका! आवाज अनेकदा खरोखर थांबतो. मात्र माणसाला वाचवणारी वायरही त्याबरोबर जाते.

अर्थिंग काय करते?

अँप्लिफायरची पेटी धातूची असते. आत फेजची वायर सुटून पेटीला टेकली, की पेटीवर २३० व्होल्ट येतात. अर्थिंग नीट असेल, तर त्या वाटेने मोठा प्रवाह वाहतो आणि फ्यूज उडतो किंवा एमसीबी पडते. अर्थिंग नसेल, तर काहीच घडत नाही. पेटी तशीच वाट पाहत राहते. पहिला हात लावणाऱ्याचे शरीर हीच मग वायर. ओल्या अंगाचा रोध साधारण १,००० ओहम धरला, तर २३० मिलिअँपिअर प्रवाह जाऊ शकतो. १० मिलिअँपिअरच्या आसपास पकडलेली वस्तू सुटेनाशी होते. ५० ते १०० मिलिअँपिअरला हृदयाची लय बिघडू शकते. त्यात भाद्रपदातला पाऊस आणि ओला मांडव.

वेल्समधल्या स्वानसी येथे मे १९७२ मध्ये ‘स्टोन द क्रोज’ बँडचा गिटारवादक लेस हार्वे हा अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून मंचावरच मरण पावला.

मग घूं घूं घालवायची कशी?

मिक्सर आणि अँप्लिफायर वेगवेगळ्या ठिकाणी अर्थ झाले, की दोन अर्थ आणि सिग्नलची वायर मिळून एक फेरा तयार होतो. तो आवाज याचा. दोन्ही यंत्रे एकाच बोर्डावर लावून पाहा. तरीही थांबला नाही, तर सिग्नलच्या वायरीत ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला. फेरा तिथे तोडायचा, मेन्सच्या पिनेत नव्हे. मिक्सरची वायर काढल्यावरही आवाज येत असेल, तर बहुधा पॉवर सप्लायचे कपॅसिटर म्हातारे झाले आहेत.

जुन्या व्हॉल्व्हच्या यंत्रांची गोष्ट आणखी वेगळी. अनेकांना दोनच वायरी असतात. काहींत मेन्सची एक बाजू कपॅसिटरमार्फत पेटीला जोडलेली असते. हाताला येणाऱ्या ‘मुंग्या’ त्याच्याच. तो कपॅसिटर शॉर्ट झाला, की पूर्ण व्होल्टेज पेटीवर. जाणकाराकडून तो काढून तीन पिनांची वायर बसवून घेणे, हेच बरे. पण ट्रान्सफॉर्मरच नसलेल्या जुन्या रेडिओंत सांगाडा थेट मेन्सला जोडलेला असतो. त्याला परस्पर अर्थ जोडू नये. तिथे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरच हवा. (चौकोनात चौकोन हे चिन्ह असलेल्या नव्या यंत्रांना मात्र दोन पिना पुरतात. त्यांचे इन्सुलेशन दुहेरी असते.)

३० मिलिअँपिअरची आरसीसीबी मांडवाच्या बोर्डात असलीच पाहिजे, असे आमचे मत आहे. फेजमधून निघालेला प्रवाह न्यूट्रलने परतला नाही, तर ती क्षणार्धात पुरवठा तोडते. पण व्हॉल्व्ह अँप्लिफायरच्या आत, ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे, तिचे काही चालत नाही. तिथले ३०० ते ५०० व्होल्ट कपॅसिटरमध्ये स्विच बंद केल्यावरही टिकून राहू शकतात.

आणि वायरींचे रंग? आपल्या जुन्या पद्धतीत लाल म्हणजे फेज, काळी म्हणजे न्यूट्रल. अमेरिकी बनावटीत काळी वायर फेजची असते. १९६५ पूर्वीच्या जर्मन यंत्रांत तर लाल वायरच अर्थची! तेव्हा रंगावर न जाता, प्लग सॉकेटमधून काढून मल्टिमीटरचे एक टोक अर्थच्या जाड पिनेला आणि दुसरे पेटीच्या रंग नसलेल्या धातूला लावा. रोध जवळजवळ शून्य यायला हवा.