गटारातून जाणारे पाईप : भिवंडीतील पाणीगळतीविषयी जाहीर आवाहन

भिवंडीला पाण्याचा स्वतःचा मोठा साठा नाही. वऱ्हाळा तलावातून गरजेचा अगदी थोडा भाग भागतो. बाकीचे पाणी बाहेरून येते. स्टेम ही पाणीपुरवठा कंपनी ते शहाडजवळ उल्हास नदीतून उचलते आणि टेमघरला शुद्ध करते. काही पाणी मुंबई महापालिकेकडून मिळते. उन्हाळ्यात उल्हासची धार बारवी आणि आंध्रा धरणांतून सोडलेल्या पाण्यावर टिकून असते. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 7,09,665 होती आणि त्यानंतर वस्ती वाढतच गेली. जादा पाण्याची मागणी रास्तच आहे. मात्र वाटेत वाया जाणारे पाणी वाचवले, तर ते नव्या योजनेच्या कितीतरी आधी हाती येईल.

रस्त्यात फुटलेली मोठी जलवाहिनी सगळ्यांना दिसते आणि तिची दुरुस्तीही लवकर होते. खरे दुखणे मुख्य वाहिनीपासून घरापर्यंत येणाऱ्या बारीक पाईपांत असते. दाट वस्तीत असे पाईप जुडग्याने गटारातून किंवा गटाराला खेटून गेलेले असतात. ओलीने लोखंड गंजते, सांधे सुटतात आणि गळणारे पाणी गटारात मिसळून दिसेनासे होते. दहा मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतक्या दाबाला तीन मिलिमीटरच्या छिद्रातून तासाला सुमारे दोनशे लिटर पाणी जाते. शहरी माणसासाठी दिवसाला 135 लिटर पाणी धरले जाते, म्हणजे एका छिद्रातून तासाभरात एका माणसाच्या दिवसभराच्या गरजेपेक्षा जास्त पाणी जाते.

हे नुकसान पाण्यापुरतेच नाही. पुरवठा ठरावीक तासच असल्याने उरलेल्या वेळी पाईप रिकामा पडतो आणि ज्या छिद्रातून पाणी बाहेर गेले, त्यातूनच सांडपाणी आत शिरते. कोणी थेट नळाला मोटार जोडली की ती पाईपातून पाणी ओढते आणि हा धोका आणखी वाढतो : शेजारचा नळ कोरडा पडतो आणि मोटार लावणाऱ्याच्या टाकीतही घाण येऊ शकते. दूषित पाण्यातून पसरणारी कावीळ काय करते, हे भिवंडीसारखेच यंत्रमागाचे शहर असलेल्या इचलकरंजीने 2012 मध्ये भोगले आहे. म्हणून नळावरची मोटार प्रत्येकाने आजच काढावी. पाणी वर चढवायचेच असेल, तर ते आधी जमिनीलगतच्या टाकीत घ्यावे आणि तिथून पंपाने चढवावे.

घरातली गळती तपासायला फारशी साधने लागत नाहीत. ठिबकणाऱ्या नळाखाली बाटली ठेवावी. तासाला एक लिटर भरले, तर महिन्याला सातशे लिटरांहून अधिक पाणी जाते. वॉशर बदलायला किरकोळ खर्च येतो. रात्री टाकीतील पातळीवर खूण करून वापर थांबवावा आणि सकाळी ती पाहावी; पातळी उतरली असेल तर कुठेतरी गळती आहे. टाकी भरताच पाणी बंद करणारा फ्लोट नसेल, तर पाणी येण्याच्या वेळी ती भरून वाहत राहते. चाळींत आणि इमारतींत सर्वाधिक दिसणारी नासाडी हीच. सुताला खळ लावणाऱ्या सायझिंग युनिटांनी आणि कारखान्यांनी आपल्या आवारातील वाहिन्या अशाच तपासाव्यात आणि पिण्याचे पाणी धुण्यासाठी वापरू नये.

अनधिकृत जोडणीचा सांधा बहुधा घाईत, कच्चा केलेला असतो आणि तो सतत गळतो. अशा जोडण्या नियमित करून घ्याव्यात. गरीब वस्तीला रीतसर नळ सहज मिळाला पाहिजे, ही जबाबदारी महापालिकेची आहे. नुसत्या तोडणीने गळती थांबत नाही, तोच सांधा चार दिवसांनी पुन्हा जोडला जातो. मीटरचा मार्गही आहे : कराडजवळच्या मलकापूरने मीटरच्या आधारे चोवीस तास पाणी देऊन दाखवले आहे. मीटरमुळे पाणी कुठे हरवते ते कळते. म्हणून मीटर बसवायला विरोध होऊ नये.

गळती दिसली की प्रभाग कार्यालयात लेखी कळवावे : गल्ली, जवळची खूण, पाणी येण्याची वेळ. वेळ महत्त्वाची, कारण पुरवठा बंद असताना गेलेल्या कर्मचाऱ्याला तिथे काहीच दिसत नाही. तक्रारीचा क्रमांक जपून ठेवावा आणि काम होईपर्यंत विचारणा करत राहावे. जूनमध्ये पावसाने गटारे भरली की गळती शोधणे जवळजवळ अशक्य होते. त्यामुळे प्रत्येक गल्लीची पाहणी मे अखेरीपूर्वी पूर्ण व्हावी.