महासंगणकाचे राखणदार

नगर जिल्ह्याची (२०२४ पासून अहिल्यानगर) शीव ओलांडून जुन्नर तालुक्यांत शिरलें कीं खोडदच्या परिसरांत ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्यांची रेडिओ-दुर्बीण दिसते. तिच्या संशोधनासाठीं २०२४ सालीं ‘परम रुद्र’ हा महासंगणक मिळाला. वर्तमानपत्रांत अशा यंत्रांचीं छायाचित्रें येतात. तीं रात्रंदिवस सांभाळणाऱ्यांचीं सहसा येत नाहींत.

त्यांचें काम तरी काय? नव्या संशोधकास प्रवेश देणें, कोणाचें गणित आधीं चालवावयाचें तें ठरविणें, सांठवणीची जागा भरत आली कीं वेळेवर ओळखणें, माहितीची दुसरी प्रत राखणें. ही विद्या बहुधा एकाच्याच डोक्यांत असते. तो दुसऱ्या नोकरीवर गेला कीं मागें राहतात न उलगडणारीं टिपणें. आमच्या आजीच्या लोणच्याचें असेंच झालें. ‘अंदाजानें घाल’ म्हणत ती गेली. बरण्या तेवढ्या उरल्या.

मुख्यतः जीवशास्त्रज्ञांसाठीं २००५ सालीं अमेरिकेंत सुरू झालेल्या ‘गॅलक्सी’ या गणन-मंचाच्या मंडळींनीं यावर उपाय केला. मंच उभारणाऱ्या व चालविणाऱ्या व्यवस्थापकांसाठीं त्यांनीं धडेच लिहिले आणि सर्वांस मोफत खुले केले. कोणीही ते उतरून घ्यावे, बदलावे, शिकवावे; मूळ लेखकांचें नांव मात्र द्यावें, एवढीच मुख्य अट. शिकणारा जेथें अडतो तेथें तोच दुरुस्ती सुचवूं शकतो. मोफत मिळण्यापेक्षां हीच गोष्ट मला अधिक मोलाची वाटते; कारण सॉफ्टवेअर बदललें कीं जुना धडा फसवा ठरतो.

राहुरीस कृषि विद्यापीठ आहे. पिकांच्या जनुकांचा अभ्यास वाढवावयाचा तर असा मंच व त्याचा राखणदार लागणारच. तो दूरच्या शहरांत शुल्क भरूनच तयार व्हावा असें आतां नाहीं. बऱ्यापैकीं संगणक व इंटरनेट असलें तर नेवाशाच्या मुलीसही घरच्या माडीवर सराव करतां येईल.

अडचण भाषेची आहे. मुंबईच्या आय. आय. टी.च्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ योजनेंत लिनक्सचे प्राथमिक धडे मराठींत ऐकावयास मिळतात. पुढें मात्र बहुतेक इंग्रजीचाच आधार घ्यावा लागतो. आमच्या वाचकांच्या घरीं उत्तम इंग्रजी जाणणारे सेवानिवृत्त गृहस्थ पुष्कळ आहेत. आजोबांनीं रोज एक पान मराठींत उतरवावें, नातीनें तें यंत्रावर पडताळावें. परवान्याची आडकाठी नाहीं. कोणीं असें काम हातीं घेतल्यास आम्हांस अवश्य कळवावें, आणि कोणत्या पानावर अडलें तेंही.