पाऊलवाटेवरचे चाक

आमच्या आपाचा फोन रात्री दहानंतर आला की आम्ही समजून जातो, विषय तिच्या मुलाचा आहे. त्या रात्रीही तसेच झाले. "तू मास्तर आहेस ना? एवढ्या पोरांना वळण लावतोस, मग या एकाला समजाव. रविवारी पुन्हा मोटारसायकल घेऊन डोंगरात निघालाय."

"कुठल्या डोंगरात?"

"रस्ता नाही अशा. मुद्दाम रस्ता नसेल तिथेच जातात म्हणे. आता तूच सांग, सरकारने एवढे रस्ते बांधले ते कशाला?"

एरवी आम्ही हसलो असतो. पण आपाच्या घरात मोटारसायकल हा हसण्याचा विषय नाही. अकरा वर्षांपूर्वी आमचे दुल्हाभाई सकाळी दूध आणायला मोटारसायकलवरून गेले ते परत आले नाहीत. घरापासून दहा मिनिटांचे अंतर, सरळ, रुंद डांबरी रस्ता. हेल्मेट बरोबर होते, पण आरशाला अडकवलेले. जवळच तर जायचे आहे म्हणून. भाचा तेव्हा दहा वर्षांचा होता. आज तो एकवीसचा आहे. डिप्लोमा करून कारखान्यात लागला आणि दीड वर्ष पगार साठवून त्याने पहिली मोठी वस्तू घेतली ती हीच, मोटारसायकल. आपा म्हणाली, "नक्को म्हणजे नक्को!" पण पोराच्या कमाईपुढे तिचे चालले नाही. तेव्हापासून दर रविवारी तो परत येईपर्यंत ती खिडकीपासून हलत नाही.

आम्ही तिला सांगितले, "समजावतो. पण आधी एकदा त्याच्याबरोबर जाऊन बघतो." वाचकांपासून काय लपवायचे, मनातला हेतू वेगळा होता. धोके डोळ्यांनी पाहायचे, मुद्दे जमवायचे आणि परत येऊन पोराला निरुत्तर करायचे. वादात जिंकण्याची खोड आम्हा शिक्षकांना असतेच.

नोव्हेंबरचा तो रविवार. फजर आटोपून आम्ही कोंढव्यातून निघालो. भाचा, त्याचे तीन मित्र आणि आम्ही. भाच्याकडे हिरोची एक्सपल्स, आमच्यासाठी एका मित्राच्या मोठ्या भावाची जुनी इम्पल्स. निघण्यापूर्वी भाच्याने आम्हांला सजवले. गुडघ्यांना ढोपरटोप, कोपरांना टोप, पाठीला आणि छातीला कडक कवच, घोट्याच्या वर जाणारे जाड बूट, हातमोजे आणि पुढे चोच असलेले हेल्मेट. वर्गातल्या मुलांनी त्या अवतारात पाहिले असते तर वर्षभराची करमणूक झाली असती. आम्ही म्हणालो, "बेटा, गाडी चालवायची आहे की लढाईला जायचंय?" तो गंभीरपणे म्हणाला, "मामू, आज पडणार आपण. पडणार हे धरूनच निघायचं."

हा आमचा पहिला मुद्दा झाला. मनातल्या मनात लिहून ठेवला.

कात्रजचा बोगदा, खेड शिवापूर, कापूरहोळ, मग महामार्ग सोडून भोर. पुढे नीरा देवघर धरणाच्या पाण्याच्या कडेने महाडकडे जाणारा रस्ता धरला आणि एका वाडीपाशी डांबर सोडले. भातकापणी उरकली होती. खाचरांत नुसते सड उभे होते आणि खळ्यांवर इंद्रायणीचा वास होता. उतारावरची नाचणी काही ठिकाणी अजून काढायची होती. पलीकडे रायरेश्वराचे पठार धुक्यातून वर येत होते.

वाडीबाहेर मुलांनी गाड्या थांबवल्या आणि टायरमधली हवा सोडायला सुरुवात केली. आम्हांला वाटले, पंक्चर. भाच्याने समजावले, "दगडमातीवर हवा कमी लागते, साधारण वीस पीएसआय. टायर थोडा बसतो, जास्त जागा धरतो, घसरत नाही. फार कमी केली तर दगडावर ट्यूब चिमटीत सापडून फाटते. परत डांबरावर आलो की पंपाने भरायची." पंप, पंक्चरचे सामान, औषधांची पेटी, दोरी, सगळे पाठीवरच्या पिशव्यांत होते. पुढचे चाक मागच्यापेक्षा मोठे का, असे आम्ही विचारले. पुढचे एकवीस इंचांचे, मागचे अठरा. उत्तर आमचे आम्हांलाच सापडले. बैलगाडीचे चाक मोठे असते ते याचसाठी. लहान चाक दगडाला जाऊन अडते, मोठे चाक त्यावर चढून जाते. गाडीच्या पोटाखालीही २२० मिलिमीटर मोकळी जागा, आमच्या स्प्लेंडरपेक्षा चांगली दोन बोटे जास्त.

मग धडा सुरू झाला. आयुष्यभर आम्ही शिकवत आलो, त्या दिवशी शेवटच्या बाकावर बसलो. उलट बसायचीच बंदी होती. खडबडीत वाटेवर फूटरेस्टवर उभे राहायचे, गुडघे किंचित वाकवून टाकीला चिकटवायचे, म्हणजे आपले पाय स्प्रिंगचे काम करतात आणि गाडी खाली नाचली तरी अंग स्थिर राहते. हँडल घट्ट आवळायचे नाही. नजर चाकापुढच्या दगडावर ठेवायची नाही, लांब ठेवायची. "मामू, ज्या दगडाकडे बघाल त्याच दगडावर जाल." उतारावर पहिला गिअर टाकून क्लच सोडून द्यायचा, इंजिनच गाडीला धरून ठेवते. पुढचा ब्रेक एकदोन बोटांनी, हळुवार. सुट्या मुरमावर तो करकचून दाबला की चाक सरकलेच.

आम्ही पहिल्याच चढावर पडलो. दगडाकडे पाहिले आणि दगडावर गेलो. वेग चालणाऱ्या माणसाइतकाच होता. गाडी एका बाजूला, आम्ही दुसऱ्या बाजूला, ढोपरटोपावर एक लांब ओरखडा. गुडघ्याला काही नाही. मुलांनी आधी आम्हांला उठवले, हातपाय हलवून पाहायला लावले, पाणी दिले, मग गाडी उचलली. कोणी हसले नाही. हसले ते पाच मिनिटांनी, आम्ही स्वतः हसलो तेव्हा.

त्यांचे काही नियम होते आणि ते त्यांनी कुठे लिहून ठेवले नव्हते. एकट्याने कधी यायचे नाही. वाट फुटते तिथे पुढच्याने थांबायचे, मागचा दिसल्याशिवाय हलायचे नाही. डोंगरात फोन लागत नाही, म्हणून कुठून कुठे जाणार ते घरी सांगून यायचे. वनखात्याची पाटी दिसली की मागे फिरायचे. राखीव जंगलात विनापरवाना शिरणे हा १९२७ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे आम्हांला त्यांच्याकडून कळले.

दुपारच्या आधी एका अरुंद बांधावरून जाताना एका मुलाचे मागचे चाक सरकले आणि बांधाचे चारपाच दगड खाली खाचरात घरंगळले. मुलगा वाचला, बांध मोडला. वरच्या अंगाला एक म्हातारे शेतकरी नाचणीची कणसे खुडत होते. ते शांतपणे खाली आले. "गेल्या महिन्यात बी दोन गाड्या आल्या हुत्या. असाच बांध पाडला अन् पळालं. पावसात समदी माती वाहून जाती, पोरांनो."

भाच्याने गाडी बंद केली, हेल्मेट काढले आणि म्हणाला, "चुकलं, बाबा. आम्ही लावून देतो." पाचही जण खाचरात उतरलो. दगड लावायचा कसा, हे बाबांनी दाखवले. मोठा तळाला, चपटी बाजू आत, फटीत लहान चिपा. अर्धा तास गेला. ज्या हातांनी आम्ही खडू धरतो ते सोलवटले. काम झाल्यावर बाबांनी कळशीतले पाणी दिले आणि पुढची वाट बांधावरून न जाता ओढ्याकाठाने कशी जाते ते सांगितले. "ती वहिवाटीची हाय. तिथून जावा."

त्या ओढ्याकाठी आम्हांला दोन भाषा शिकवण्याचा थोडा उपयोग झाला. मराठीत म्हणतात पाऊलवाट, उर्दूत पगडंडी. एकीत पाऊल, दुसरीत पग. दोन्ही भाषांनी वाटेच्या नावातच पाय ठेवला आहे. माणसे आणि गुरे चालली म्हणून ती वाट झाली. चाक तिथे पाहुणे म्हणून आले आहे आणि पाहुण्याने पाहुण्यासारखे वागावे. मुलांना आम्ही हे सांगितले तेव्हा भाचा म्हणाला, "मामू, सुट्टीच्या दिवशीही तास घेताय." पण पुढच्या वाडीतून जाताना पाचही गाड्या पहिल्या गिअरमध्ये, बिनआवाज गेल्या. दारातली कोंबडीसुद्धा उठली नाही.

पाच तासांत आम्ही डोंगरात जेमतेम बावीस किलोमीटर चाललो. वेगाची चटक लागलेली पोरे पाहायला मिळतील म्हणून आलो होतो, पाहिली ती हळू चालवायला शिकणारी पोरे. जेवताना ती सी. एस. संतोषबद्दल बोलत होती, जो २०१५ साली डाकार रॅलीत उतरणारा पहिला भारतीय ठरला. ही रॅली २०२० पासून सौदी अरेबियाच्या वाळवंटात भरते. केरळचा हरिथ नोआ २०२४ मध्ये तिच्यातला एक गट जिंकला. बंगळूरच्या ऐश्वर्या पिस्सेने २०१९ मध्ये महिलांच्या बाजा शर्यतींचा विश्वचषक आणला. आमच्या घरच्या मुलींना हे नाव सांगायचे आम्ही ठरवले.

आता खरी गोष्ट. संध्याकाळी भोरजवळ डांबरावर आलो, हवा भरली, चहा घेतला. कवचे काढून पिशवीत बांधली. सगळे थकलेले, समोर गुळगुळीत रस्ता. निघताना एका मित्राने हेल्मेट आरशाला अडकवले. "जरा वारा लागू दे यार, महामार्ग आला की घालतो."

भाच्याने इंजिन बंद केले. किल्ली काढून खिशात ठेवली. काही बोलला नाही, नुसता गाडीवर बसून राहिला. मित्राने एकदा त्याच्याकडे, एकदा आरशाकडे पाहिले आणि हेल्मेट डोक्यावर चढवून पट्टा लावला. टक् असा आवाज आला, तेव्हाच भाच्याने किल्ली बाहेर काढली.

जमवलेले मुद्दे तिथेच संपले. आम्हांला वाटत होते, बापाच्या मृत्यूतून पोर काही शिकले नाही. ते आमच्यापेक्षा जास्त शिकले होते. दिवसभर ते सावध होते, कारण डोंगराची भीती वाटत होती. धोका जिथे भीती वाटेनाशी होते तिथे असतो. घराजवळच्या, रोजच्या, सरळ रस्त्यावर. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली. त्यांतली शंभरातली चव्वेचाळीस दुचाकीवरची होती आणि हेल्मेट नसलेले सुमारे पन्नास हजार. यांतले किती जण "जवळच तर जायचंय" म्हणून निघाले असतील!

आईबापांना आमचे एवढेच सांगणे आहे. तरुण मुलाचा छंद तुम्हांला भीतीदायक वाटत असेल तर नकार देण्याआधी एक दिवस त्याच्याबरोबर जा. तो कोणाबरोबर जातो, पडल्यावर त्याला कोण उचलते, चूक झाली की तो पळतो की थांबतो, हे घरात बसून कळत नाही. आणि भीती वाटली तर ती त्याच्या अंगावर टाकू नका. तिचे हेल्मेट करा, ढोपरटोप करा, सांगून जाण्याची सवय करा.

रात्री आपाकडे पोहोचलो तेव्हा ती खिडकीतच होती. जेवण वाढताना तिने विचारले, "समजावलंस?" आम्ही बांधाची गोष्ट सांगितली, मग किल्लीची. ती ऐकत राहिली. पोळी हातात तशीच राहिली. बराच वेळ घरात कोणी बोलले नाही.

मग ती उठली. दाराजवळ पडलेले चिखलाचे ढोपरटोप उचलले, मोरीत नेले आणि बादलीत साबणाच्या पाण्यात भिजत घातले, जसे ती त्याचे शाळेचे मोजे घालायची. परवानगी दिली का, असे आम्ही तिला विचारले नाही. भाच्यानेही विचारले नाही. त्याने फक्त दुसरी बादली भरून तिच्याजवळ ठेवली.