सात आकडे उलटे

गेल्या वर्षी याच दिवसांत, घरात भाजणीचा वास सुटला होता तेव्हा, आमच्या सौभाग्यवतींनी धाकट्या चिरंजीवांना कोपऱ्यावरच्या वाण्याकडे धाडले. वेलदोडे, खसखस आणि पिठीसाखर अशा मोजून तीन वस्तू आणायच्या होत्या. चिरंजीवांचे वय वर्षे ९. वाण्याचे दुकान आमच्या गॅलरीतून दिसते. पाऊण तासाने स्वारी परतली ती नुसती खसखस घेऊन. वाटेत रस्ता खणण्याचे यंत्र चालू होते. त्या यंत्राला दात किती, ते माती कशी उचलते, ड्रायव्हर कोणता दांडा कधी ओढतो, हे सारे त्याने इतक्या बारकाईने सांगितले की ऐकत राहावे. पण वेलदोडे? "वेलदोडे पण सांगितले होते का?" असे त्याने इतक्या भाबडेपणाने विचारले की हसावे की रडावे हे त्याच्या आईला कळेना. मला मात्र काय करावे ते लगेच कळले. मी ओरडलो.

वाचकहो, ओरडण्याच्या कामी मी चांगला वाकबगार आहे. गेली वीस वर्षे मी कॉलेजात मराठी शिकवतो. "लक्ष कुठे आहे तुमचे?" हे वाक्य मी जितक्या वेळा उच्चारले, तितक्या वेळा रामनाम घेतले असते तर एव्हाना माझा उद्धार झाला असता. चिरंजीवांच्या शाळेच्या डायरीतही तांबड्या शाईत तेच लिहून येई: लक्ष नाही. आपली भाषा मोठी गमतीची आहे. आपण लक्ष 'देतो'. म्हणजे ते प्रत्येकाच्या खिशात असतेच असे गृहीत धरतो. ज्याच्या खिशात ते पुरेसे नाही, त्याने द्यावे कोठून, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

तो जानेवारीत पडला. शाळेच्या बाईंच्या आग्रहावरून आम्ही त्याला बालमानसतज्ज्ञांकडे नेले. दोन-तीन भेटींनंतर डॉक्टरांनी सांगितले, की हा हूडपणा नव्हे आणि आळसही नव्हे. हा अवधानाचा विकार आहे, ज्याला सारे जग एडीएचडी म्हणते. पुष्कळदा तो घराण्यातच असतो. उपाय दोन: आईवडिलांनी मुलाला हाताळण्याची रीत शिकून घ्यायची, आणि तेवढ्याने न भागल्यास औषध. 'औषध' हा शब्द ऐकताच माझ्या मध्यमवर्गीय मनाने अंग चोरले. नऊ वर्षांच्या पोराला मेंदूची गोळी! शेजारी काय म्हणतील? "विचार करून सांगतो" असे म्हणून मी उठलो. विचार मात्र केला नाही, पळवाट शोधली.

पळवाट शोधणाऱ्याला ती मिळतेच. एका परिचितांनी संगणकावरच्या एका शिक्षणक्रमाची माहितीपत्रिका आणून दिली. गोळी नाही, मार नाही. रोज पाऊण तास खेळ खेळायचे आणि पाच आठवड्यांत लक्ष सुधारायचे! तिच्यात 'कार्यस्मृती' असा शब्द होता. हा प्रकार आपल्याला मुळीच परका नाही. बेरीज करताना आपण 'हातचा एक' मनात धरतो ना? तो हातचा जिथे धरतो, ती जागा म्हणजे कार्यस्मृती. ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली तिची नीट मांडणी केली. ही जागा सर्वांचीच लहान असते. एडीएचडी असलेल्या पुष्कळ मुलांची जरा जास्तच लहान असते. आई 'वेलदोडे' म्हणते, मूल ते मनात धरते, समोर यंत्र दिसते, आणि हातचा गळून पडतो.

मग ती जागाच तालीम देऊन वाढवली तर? स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत तोर्केल क्लिंगबर्ग यांनी हाच प्रश्न विचारला. २००५ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७ ते १२ वर्षांच्या ५३ मुलांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. निम्म्या मुलांचे खेळ जमतील तसतसे कठीण होत गेले, निम्म्यांचे सोपेच ठेवले. पहिल्या गटाची स्मृती सुधारली, आणि मुलांचे लक्ष वाढले, चुळबुळ कमी झाली, असे आईवडिलांनी कळवले. पत्रिकेत एवढेच होते. मला तेवढे पुरे होते. पावकी, निमकी, औटकी पाठ करून वाढलेल्या घराण्यातला मी. 'घोकल्याने बुद्धी तल्लख होते' हे आमच्या घरचे अकरावे सूत्र. रक्कम बरीच होती. दिवाळीच्या खरेदीला कात्री लावू, असे म्हणून मी ती भरली.

सारी मे महिन्याची सुट्टी चिरंजीव संगणकापुढे बसले. चौकटीत दिवे लागत, ते त्याच क्रमाने दाखवायचे. आकडे ऐकू येत, ते उलट क्रमाने सांगायचे. खाली मुले क्रिकेट खेळत असत. तो एकदा खिडकीकडे बघे, एकदा माझ्याकडे, आणि पुन्हा आकड्यांकडे वळे. आरंभी तीन आकडे उलटे सांगताना अडखळणारा मुलगा पाचव्या आठवड्यात सात आकडे धडाधड उलटे सांगू लागला. मी तर हर्षाने फुगून गेलो. घरी येणाऱ्या पाहुण्यांना चहाबरोबर चिरंजीवांचे आकडेही मिळू लागले. विक्रेत्याची प्रश्नावली आली: 'मुलाचे लक्ष सुधारले आहे काय?' मी 'बरेच' या शब्दापुढे खूण केली.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. पहिल्याच आठवड्यात दोन वेळा डबा वर्गात राहिला, एक वही हरवली आणि डायरीत तीच तांबडी शाई उमटली. त्या संध्याकाळी माझा तोल सुटला. पैशांचा हिशेबसुद्धा मी त्याच्यासमोर मांडला, हे लिहिताना आज लाज वाटते. तो उभा होता. मग हळूच म्हणाला, "बाबा, मला आता सात आकडे उलटे येतात ना? मग मी अजून बरा कसा नाही झालो?"

मला उत्तर देता आले नाही. रात्री मी जे आधी वाचायला हवे होते ते वाचायला बसलो, आणि पुढे कित्येक रात्री वाचत राहिलो.

पहिली गोष्ट सापडली ती १९८० सालची. अमेरिकेतल्या कार्नेगी-मेलन विद्यापीठात एका विद्यार्थ्याने सुमारे दीड वर्षात २३० तासांहून अधिक सराव केला. आरंभी त्याला ७ आकडे ध्यानात राहत. अखेरीस एकदा ऐकून तो ७९ आकडे म्हणून दाखवू लागला. माझ्यासारखा बाप असता तर त्याने मिरवणूकच काढली असती. पण संशोधकांनी आकड्यांच्या जागी अक्षरे दिली, आणि गाडी पुन्हा सहाच्या आसपास अडली! तो विद्यार्थी होता शर्यतीत धावणारा. ३४९२ हे आकडे ऐकले की तो मनात म्हणे, एक मैल धावायला ३ मिनिटे ४९.२ सेकंद. त्याची स्मृती रुंद झाली नव्हती. आकडे बांधायची एक युक्ती तेवढी त्याच्या हाती लागली होती. अक्षरांना ती लागू पडली नाही, वेलदोड्यांना कोठून पडणार?

मग स्टॉकहोमचा तो प्रयोग मुळातून वाचला. सुधारणा आईवडिलांना दिसली होती हे खरे. शिक्षकांच्या नोंदींत मात्र तशी ठळक सुधारणा नव्हती. माहितीपत्रिकेने हे वाक्य सोडले होते. २०१३ साली एडमंड सोनुगा-बार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा अनेक प्रयोगांचा एकत्र ताळा घेतला. उपचार चालू आहे हे ज्यांना ठाऊक होते त्यांना सुधारणा दिसे. ज्यांना ते ठाऊक नव्हते त्यांच्या नोंदींत ती जवळजवळ विरून जाई. हे वाचताना मला माझी प्रश्नावली आठवली. 'बरेच' ही खूण मी खोटेपणाने केली नव्हती. पैसे भरलेल्या, आशेने डोळे लावून बसलेल्या बापाला तसे दिसतच होते.

त्याच साली ऑस्लोच्या मोनिका मेल्बी-लर्व्होग आणि लंडनच्या चार्ल्स ह्यूम यांनी २३ अभ्यास तपासले: मुले खेळात आणि खेळासारख्या चाचण्यांत पुढे जातात, वाचनात-गणितात तो लाभ उतरत नाही. २०१६ साली मेलबर्नहून आणखी एक निकाल आला. कार्यस्मृती कमी असलेल्या पहिलीतल्या ४५२ मुलांपैकी निम्म्यांना ही तालीम शाळेत देऊन दोन वर्षे त्यांच्यावर नजर ठेवली होती. वाचन आणि शुद्धलेखन यांत काही फरक नाही. गणितात तालीम घेतलेली मुलेच किंचित मागे! त्याच वर्षी मेंदूच्या खेळांचे अवास्तव दावे केल्याबद्दल अमेरिकेतल्या एका बड्या कंपनीला तिथल्या व्यापार आयोगाशी तडजोड करून २० लाख डॉलर भरावे लागले. मी ते वर्ष पुन्हा पाहिले. माझी रक्कम भरण्यापूर्वी हे सारे छापून झाले होते.

म्हणजे चिरंजीव खोटे बोलत नव्हते, कुचराई तर मुळीच करत नव्हते. सांगितले ते त्यांनी चोख केले होते. त्यांना सात आकडे उलटे सांगायला शिकवले आणि ते सात आकडे उलटे सांगायला शिकले. त्यांना डबा आणायला कोणी शिकवलेच नव्हते.

मी मुकाट्याने डॉक्टरांकडे गेलो. ते रागावले नाहीत. बहुधा माझ्यासारखे बाप ते रोज पाहत असावेत. आता औषध त्यांच्या देखरेखीखाली सुरू आहे. भूक आणि वजन यांवर लक्ष ठेवतात. त्याने जादू झालेली नाही, पण गणिताची चार उदाहरणे एका बैठकीत होतात. आणि आम्ही दोघे नवरा-बायको शाळेत जाऊ लागलो, म्हणजे मुलाला सांगावे कसे ते शिकू लागलो. इंग्लंडच्या सुझन गॅदरकोल यांनी शिक्षकांना जे सांगितले आहे ते फार साधे आहे: हातचा धरण्याची जागा वाढवता येत नसेल तर ओझे कमी करा. सूचना थोडक्यात द्या, एका वेळी एक द्या, पुन्हा सांगा, लिहून समोर ठेवा. दाराशी आम्ही एक पाटी टांगली आहे. तिच्यावर डबा, वही, पाण्याची बाटली. संध्याकाळी तो एकेक पुसतो. पाटी स्वस्त मिळाली.

ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय मी दरवर्षी शिकवतो. त्याच्या आरंभीच ज्ञानेश्वर श्रोत्यांपाशी अवधान मागतात. मागतात, फर्मावत नाहीत. या ओळीवर मी वीस वर्षे व्याख्यान देत आलो, आणि घरी येऊन तेच अवधान पोरापाशी दरडावून वसूल करू पाहत होतो.

परवा पुन्हा भाजणीचा वास सुटला. सौभाग्यवतींनी पाच वस्तू सांगितल्या. चिरंजीवांनी त्या स्वतःच्या हाताने चिठ्ठीवर लिहिल्या आणि ते निघाले. यंत्र आता दुसऱ्या गल्लीत गेले आहे, तरी यायला अर्धा तास लागलाच. पिशवी उघडली. वेलदोड्यांसकट पाचही वस्तू होत्या. छत्री मात्र दुकानातच राहिली होती. हे त्याच्याच प्रथम ध्यानात आले, आणि त्याने चटकन माझ्या तोंडाकडे पाहिले.

मी चपला घातल्या. "चल," म्हटले, "दोघे मिळून आणू. वाटेत ते यंत्रही दाखव."